बाहेर जाणारी नळी : अखंड प्रवाहाच्या बायोरिअ‍ॅक्टरच्या नोंदी

६ जानेवारी

उद्दिष्ट: सीएचओ पेशींचं (चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशींचं) पर्फ्युजन कल्चर, म्हणजे पेशी आत अडवून फक्त पाणी बदलत राहणारं, एक लिटर आकारमानात महिनाभर स्थिर ठेवायचं आणि त्यातून रोज अँटिबॉडी काढत राहायची. त्याआधी दोन आठवडे यीस्टवर हात बसवायचा. यीस्ट दोन तासांत दुप्पट होतं, सीएचओला साधारण २४ तास लागतात. सीएचओमध्ये जी चूक आठवड्याने कळेल, ती यीस्ट दुसऱ्याच दिवशी दाखवून देतं.

आजवर मी फक्त बॅच कल्चर केलं आहे. मीडिया (पेशींचं खाद्य विरघळलेलं पाणी) भरायचा, पेशी टाकायच्या, शेवटी सगळं एकदम काढायचं. त्यात पेशींभोवतीचं पाणी दर तासाला बदलत असतं. साखर उतरते, लॅक्टेट आणि अमोनिया चढतात. पहिल्या दिवशीच्या पेशीचं आणि पाचव्या दिवशीच्या पेशीचं जगच वेगळं असतं, त्यामुळे दोघींची तुलना करताना मला कायम संकोच वाटत आला. अखंड प्रवाहात एका नळीने ताजा मीडिया येतो, दुसरीने तेवढंच कल्चर बाहेर पडतं आणि आतलं पाणी दिवसेंदिवस एकसारखं राहतं. मला या पद्धतीचं आकर्षण आहे ते यासाठी.

तासाचा प्रवाह भागिले आकारमान म्हणजे डायल्युशन रेट. एक लिटरमध्ये ताशी १०० मिलिलिटर सोडले तर तो ताशी ०.१. आत आलेला थेंब सरासरी १० तास राहतो.

८ जानेवारी

दिवस पंपात गेला. पेरिस्टाल्टिक पंपाचा आकडा म्हणजे फक्त रोलरचे फेरे, प्रवाह नव्हे. नळी दाबून दाबून थकते, तिचा लवचिकपणा जातो आणि त्याच फेऱ्यांना कमी पाणी ढकललं जातं. म्हणून फीडची बाटली काट्यावर ठेवली आहे. दर तासाला तिचं वजन किती उतरलं तोच खरा प्रवाह. पंपाचा वेग त्यावरून दुरुस्त होत राहील.

फीडच्या नळीत थेंब-कक्ष बसवला. मीडिया सलग धारेने न जाता थेंबाथेंबाने हवेतून खाली पडतो. पात्रातल्या पेशी ओल्या नळीच्या भिंतीवरून उलट्या चढत फीडच्या बाटलीपर्यंत पोहोचू शकतात. मधली हवा त्यांची वाट तोडते.

११ जानेवारी

यीस्ट टाकलं. तापमान ३०, पीएच ५. आधी बॅच म्हणून वाढू दिलं.

१२ जानेवारी

पहाटे डीओचा (पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा) आलेख बघत बसले होते. यीस्ट आधी साखर खातं आणि भरपूर अल्कोहोल करून ठेवतं, मग तेच अल्कोहोल ऑक्सिजन घेत संपवतं. अल्कोहोल संपलं की ऑक्सिजन मागणारं कोणी उरत नाही आणि डीओ एकदम वर उडी घेतो. ती उडी दिसली आणि फीड सुरू केलं: लिटरला ५ ग्रॅम ग्लुकोज, ताशी १०० मिलिलिटर.

१५ जानेवारी

फीड सुरू करून ७२ तास झाले, म्हणजे पात्र सात वेळा बदलून झालं. हिशेब असा की तीन फेरे झाले की जुन्या पाण्यापैकी सुमारे ९५ टक्के गेलेलं असतं, पाच फेऱ्यांत ९९ टक्क्यांहून जास्त. पाचाच्या आधी घेतलेला नमुना स्थिर अवस्थेचा म्हणायचा नाही, असा नियम घालून घेतला आहे.

कोरडं वजन लिटरला २.५ ग्रॅम. ग्लुकोज मीटरला सापडण्याइतकंही नाही. आता फीडची बाटली बदलून १० ग्रॅमची लावली, प्रवाह तोच.

१८ जानेवारी

कोरडं वजन ४.९ ग्रॅम. ग्लुकोज अजूनही मीटरच्या खालीच.

हे मी वर्गात शिकले होते, सूत्रही पाठ होतं, पण डोळ्यांनी पाहिल्यावर बराच वेळ आकड्यांसमोर बसून राहिले. साखर दुप्पट दिली तर पात्रात उरणारी साखर वाढली नाही, पेशी दुप्पट झाल्या. कारण वाढीचा वेग पेशींच्या हातात नाही, बाहेर जाणाऱ्या नळीच्या हातात आहे. नळी ताशी दहा टक्के पेशी घेऊन जाते. पेशी त्याहून वेगाने वाढल्या तर त्यांची गर्दी होते, साखर आणखी उतरते आणि वाढ मंदावते. हळू वाढल्या तर त्या विरळ होतात, साखर उरते आणि वाढ वेग घेते. तोल येतो तो नेमका ताशी ०.१ वर. ज्या साखरेला पेशी ताशी ०.१ ने वाढतात तेवढीच साखर पात्रात उरते, फीडच्या बाटलीत कितीही असो.

१९५० साली झाक मोनो यांनी पॅरिसमध्ये आणि आरन नोविक व लिओ झिलार्ड यांनी शिकागोत ही मांडणी एकमेकांपासून स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. अशा पात्राला केमोस्टॅट हे नाव नोविक-झिलार्ड यांचं.

१९ जानेवारी

गडबड सापडली, आणि ती कल्चरने नाही, काचेवरच्या खुणेने दाखवली. पात्र वजनाच्या काट्यावर आहे. वजन १ लिटरच्या वर गेलं की बाहेरचा पंप चालू होतो. आज पातळी खुणेच्या बरीच खाली दिसली. बाटली बदलताना वायुवीजनाची नळी खाली लोंबकळत राहिली होती आणि तिचा ओढा काट्यावर १५० ग्रॅम म्हणून उमटत होता. काट्याच्या मते एक लिटर, खरं आकारमान ८५० मिलिलिटर. म्हणजे डायल्युशन रेट ०.१ नाही, सुमारे ०.११८.

ओडीत (कल्चरच्या गढूळपणाचं माप, त्यावरून पेशींची घनता कळते) काहीच फरक नव्हता, आणि तसा तो पडणारही नव्हता. वॉशआउटपासून (पेशी वाढतात त्याहून वेगाने धुऊन जाण्यापासून) लांब असताना केमोस्टॅटमधली पेशींची घनता डायल्युशन रेटने फारशी हलत नाही. मी ओडी स्थिर आहे म्हणून निश्चिंत होते. तो आकडा या चुकीबद्दल मुका आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही. कालचं कोरडं वजन ठेवते आहे, पण त्यासमोर डायल्युशन रेट ०.१ असं लिहिता येणार नाही. १५ तारखेचा नमुना बाटली बदलण्याआधीचा, म्हणून तो पक्का.

सगळ्या नळ्या पात्रापासून वेगळ्या स्टँडला बांधल्या. काट्याला स्पर्श करणारी प्रत्येक नळी सैल कमानीत.

आणखी एक बदल. बाहेरच्या नळीचं टोक आधी पृष्ठभागाजवळ होतं. तिथे फेस असतो, फेसाबरोबर पेशी जमतात आणि जे बाहेर जातं ते आतल्यासारखं राहत नाही. ‘आत जसं तसंच बाहेर’ या गृहीतकावर सगळं गणित उभं आहे. टोक द्रवाच्या मध्यावर नेलं.

२१ जानेवारी

वॉशआउट मुद्दाम करून पाहिला. प्रवाह ताशी ५०० मिलिलिटर, डायल्युशन रेट ०.५. यीस्टला तेवढा वेग झेपत नाही, त्यामुळे साखर साचते, पेशी आपल्या कमाल वेगाने वाढतात आणि तरीही धुऊन निघतात. पहिले दोन तास सोडून दिले, कारण हळू वाढणाऱ्या पेशींना वेग घ्यायला वेळ लागतो. पुढे ओडी दर सात तासांना निम्मा होत गेला, म्हणजे उतार ताशी ०.१. कमाल वाढ = ०.५ वजा ०.१ = ०.४. पेशी गमावून त्यांचा कमाल वेग मोजता येतो, ही रीत मला फार देखणी वाटते.

शेवटी मात्र रेषा शून्याकडे न जाता आडवी झाली. पात्र उघडलं तेव्हा कारण दिसलं: बॅफलच्या मागे आणि प्रोबच्या सांध्याला चिकटलेला थर. तिथल्या पेशी धुतल्या जात नाहीत आणि सतत नव्या पेशी सोडत राहतात. बाहेर न जाणारी वस्ती कल्चरमध्ये असेल तर सूत्र तिला लागू नाही.

यीस्ट इथे संपलं. पात्र धुऊन ऑटोक्लेव्हला.

२ फेब्रुवारी

सीएचओ टाकल्या, मिलिलिटरला ५ लाख. तापमान ३७, पीएच ७, डीओ ४० टक्के.

या पेशींना साधा केमोस्टॅट का पुरत नाही ते लिहून ठेवते. २४ तासांत दुप्पट म्हणजे वाढ दिवसाला ०.६९. दिवसाला एक पात्रभर मीडिया सोडला तर डायल्युशन रेट १. त्या धुऊनच जातील. धुऊन जाऊ नयेत इतका प्रवाह कमी ठेवला तर कचरा साचतो आणि पेशी विरळच राहतात. म्हणून पाण्याचा वेग आणि पेशींचा वेग वेगळे करायचे. पाणी फिल्टरमधून बाहेर जाईल, पेशी मागे राहतील. त्याला पर्फ्युजन म्हणायचं. फिरत्या जाळीच्या गाळणीने पेशी अडवण्याची रीत १९६९ मध्येच प्रसिद्ध झाली होती. आमच्याकडे पोकळ तंतूंचा फिल्टर आहे, छिद्र ०.२ मायक्रॉन. सीएचओ पेशी १२ ते १५ मायक्रॉनची, ती अडकते. अँटिबॉडी सुमारे १० नॅनोमीटरची, ती सहज जायला हवी. खालचा पडद्याचा पंप कल्चर तंतूंत ओढतो आणि परत ढकलतो. ही उलटसुलट धार तंतूंच्या भिंती झाडत राहते.

ज्या प्रथिनाला ३७ अंशांत फार वेळ राहणं सोसत नाही त्याच्यासाठी तर हीच पद्धत सोयीची. रक्त गोठवणारा आठवा घटक असाच नाजूक आहे, आणि तो पर्फ्युजनने बनवला गेला आहे.

५ फेब्रुवारी

४० लाख. पर्फ्युजन सुरू, दिवसाला अर्धं पात्र.

९ फेब्रुवारी

७ ला १.४ कोटी, ८ ला २.५ कोटी, आज ३.९ कोटी. मीडिया पायरीपायरीने दिवसाला दोन पात्रांपर्यंत नेला. मापदंड एका पेशीला दिवसाला किती मीडिया हा आहे: मिलिलिटरला ४ कोटी पेशींच्या एक लिटर पात्राला दिवसाला २ लिटर म्हणजे पेशीमागे ५० पिकोलिटर. यापेक्षा जास्त दिला तर मीडिया वाया, कमी दिला तर उपासमार. आकडा पेशीगणिक बदलतो, प्रत्येकीचा आपणच शोधायचा असतो.

१० फेब्रुवारी

ऑक्सिजनचा हिशेब, कारण काल रात्री डीओ दोनदा २० टक्क्यांवर आला.

एक सीएचओ पेशी तासाला साधारण पाव पिकोमोल ऑक्सिजन घेते. मिलिलिटरला ४ कोटी पेशी म्हणजे लिटरला ताशी १० मिलिमोल. आणि ३७ अंशांना हवेने पूर्ण भरलेल्या मीडियात ऑक्सिजन मावतो किती? लिटरला सुमारे ०.२ मिलिमोल. आपण ४० टक्क्यांवर चालवतो, म्हणजे शिल्लक ०.०८. वायू बंद पडला तर ही शिल्लक अर्ध्या मिनिटात संपते.

त्यामुळे नुसत्या हवेवर भागणार नाही. हवेचा रेटा ०.२ वजा ०.०८ म्हणजे ०.१२ मिलिमोल, त्यावर ताशी १० मिलिमोल विरघळवायचे तर वायू-हस्तांतरणाचा गुणांक ताशी ८० च्या वर हवा, आणि तेवढं घुसळणं या पेशींना नको. शुद्ध ऑक्सिजन दिला की रेटा सुमारे सातपट होतो आणि गुणांक १२ पुरतो. बारीक छिद्रांचा स्पार्जर (द्रवात वायूचे बुडबुडे सोडणारी नळी) लावून शुद्ध ऑक्सिजन सुरू केला. डीओ ४० वर बसला.

ढवळण्याची भीती वाटायची, पण खरा घात पृष्ठभागावर होतो: बुडबुडा फुटताना त्याला चिकटलेली पेशी फाटते. मीडियातलं पोलोक्झामर १८८ पेशींना बुडबुड्याला चिकटू देत नाही. ते आहे ना, हे आज बाटलीच्या लेबलवर पुन्हा वाचलं.

११ फेब्रुवारी

डीओ छान, पण पीएच सारखा खाली आणि बेस जास्त लागतो आहे. लॅक्टेट वाढलेलं नाही. मग कार्बन डायऑक्साइड तपासला तर तो दुपटीहून वर. बारीक बुडबुडे ऑक्सिजन पोहोचवतात आणि जवळजवळ तिथेच संपतात. वायू इतका थोडा की पेशींनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर वाहून न्यायला कोणी नाही. आत पोहोचवण्याच्या नादात बाहेर काय जायचं आहे ते विसरले होते. मोठ्या छिद्रांच्या दुसऱ्या स्पार्जरने थोडी हवा जोडली. संध्याकाळपर्यंत बेसचा पंप शांत.

१२ फेब्रुवारी

ब्लीड. फिल्टर पेशी अडवतो, पेशी वाढतच राहतात. घनता स्थिर ठेवायची तर रोज थोडं कल्चर पेशींसकट काढून टाकावं लागतं. त्याला ब्लीड म्हणतात. वाढ आत्ता दिवसाला ०.४ आहे, म्हणजे रोज ४०० मिलिलिटर. त्या ४०० मिलिलिटरमधली अँटिबॉडी फेकली जाते, पाचवा हिस्सा. मला ते सहन होईना. ब्लीड १०० वर आणलं.

१७ फेब्रुवारी

चुकीचा निर्णय होता. घनता ६.२ कोटी, पेशीमागे मीडिया ३२ पिकोलिटर, ग्लुटामिन संपलेलं, अमोनिया चढलेला. ट्रायपॅन ब्लूवर (हा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो) जिवंत पेशी ८८ टक्के. पाच दिवसांपूर्वी ९७ होत्या.

मॅडमनी वहीत दोनच ओळी लिहून दिल्या. मेलेली पेशी फिल्टरमधून जात नाही. मग ती जाते कुठून?

तिला बाहेर जायला ब्लीड हा एकच रस्ता आहे. स्थिर अवस्थेत मेलेल्या आणि जिवंत पेशींचं गुणोत्तर म्हणजे मरणाचा दर भागिले ब्लीडचा दर. फुटून विरून जाणाऱ्या पेशी सोडल्या तर हिशेब इतका साधा आहे. दिवसाला ०.०३ मरत असतील आणि ब्लीड ०.४ असेल, तर १०० जिवंतांमागे सात-आठ मेलेल्या. तेच ब्लीड ०.१ केलं तर १०० मागे ३०. पेशी अचानक जास्त मरू लागल्या असतील-नसतील, पण त्या निघून जाणं मी बंद केलं होतं हे नक्की. ब्लीडला मी गळती समजत होते. त्या पाचव्या हिश्शात अँटिबॉडीबरोबर पात्राची सफाई जात होती.

२० फेब्रुवारी

ब्लीड कमी करायचंच असेल तर आधी वाढ कमी करायला हवी. तापमान ३७ वरून ३४. वाढ दिवसाला ०.२ वर आली, पेशींचा ऑक्सिजनही कमी लागू लागला. दोन दिवस ब्लीड ४०० च्या वर ठेवून घनता ४ कोटीवर आणली, मग २०० मिलिलिटरवर स्थिर केलं. आता येणारा मीडिया २०००, फिल्टरमधून १८००, ब्लीड २००.

२७ फेब्रुवारी

घनता ४ कोटी, जिवंत ९२ टक्के. ब्लीड ०.२ म्हणजे पात्रातल्या पेशींचा पूर्ण पालट व्हायला पाच दिवसांच्या तीन ते पाच पटी लागणार. पाणी दिवसात दोनदा बदलतं, पण पेशींचं घड्याळ वेगळं आहे. पाण्याचे आकडे स्थिर दिसले म्हणून कल्चर स्थिर झालं असं लिहायचं नाही.

५ मार्च

जिवंत ९३. पण हार्वेस्टमधली (फिल्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्यातली) अँटिबॉडी आठवडाभर थोडी थोडी उतरते आहे. पेशी तेवढ्याच, त्यांचं खाणं तेवढंच, फिल्टरचा दाबही जवळपास तोच. पेशींनी बनवणं कमी केलं असेल असं वाटून मी तापमानाकडे संशयाने बघत होते.

मग पात्रातला नमुना सेंट्रिफ्यूज करून त्यातलीही अँटिबॉडी मोजली. पात्रात १००, हार्वेस्टमध्ये ६४. पेशी बनवत होत्याच. फिल्टर पाणी सोडत होता आणि प्रथिन अडवत होता. फुटलेल्या पेशींचा डीएनए, प्रथिनं आणि फेसरोधक यांचा थर छिद्रांत बसतो. पाणी त्यातून जातं म्हणून दाब फार चढत नाही, पण अँटिबॉडी मागे राहते आणि जी पात्राच्या उबेतून लवकर बाहेर काढायची होती तीच आत दिवस काढते. त्या आठवड्यात मी ब्लीड कोंडलं होतं, त्याची किंमत फिल्टर अजून भरतो आहे असा माझा अंदाज.

यापुढे दर दोन दिवसांनी फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा नमुना. गुणोत्तर ८० टक्क्यांखाली गेलं की फिल्टर बदलायचा.

६ मार्च

फिल्टर बदलला. नवा आधीच निर्जंतुक करून जोडून ठेवला होता, नळ्या वेल्डरने जोडल्या. पेशी जुन्या फिल्टरमधून परत ढकलून घेतल्या. एकूण ११ मिनिटं, आणि तेवढा वेळ स्पार्जर चालूच. दोन तासांनी गुणोत्तर ९७.

१२ मार्च

पर्फ्युजनचा ३६ वा दिवस. ४.१ कोटी, जिवंत ९३, दोन्ही बाजूंचं गुणोत्तर ९५. ब्लीड २००.

उद्या ब्लीड २५० करून बघणार आहे. तीन आठवडे हात लावायचा नाही, मग मोजायचं.